लोहखनिजाचा कस ठरवतो कोण?

समजा, मुरगाव बंदरात ५० हजार टन लोहखनिज जहाजात भरायचे आहे. वाळवून तपासले तर त्यात ६० टक्के लोह आहे. पण माल ओला आहे, शंभर किलोमागे आठ किलो पाणी. पाण्यासकट हिशेब केला की लोहाचे प्रमाण ५५.२ टक्क्यांवर येते. आता निर्यात शुल्काचा नियम पाहा. ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या दगडावर आणि पुडीवर शुल्क शून्य. त्यापेक्षा जास्त असेल तर ३० टक्के. ढीग तोच, पण कोरडा आकडा धरला तर कोट्यवधींचे शुल्क आणि ओला धरला तर काहीच नाही.

हा कल्पनेतला पेच नाही. गोव्यातल्या गंगाधर नरसिंगदास अगरवाल यांच्या निर्यातीवरून हाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने निर्यातदाराच्या बाजूने कौल दिला. शुल्क ठरवताना माल ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत, म्हणजे ओलाव्यासकट, लोहाचे प्रमाण मोजायचे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सीमाशुल्क विभागाने परिपत्रक काढून हीच पद्धत सर्वत्र लागू केली.

गंमत अशी, की चीनमधला खरेदीदार पाण्याचे पैसे देत नाही. आंतरराष्ट्रीय भाव कोरड्या टनावर ठरतो. त्यामुळे एकाच जहाजाच्या कागदपत्रांत भावासाठी एक आकडा असतो आणि शुल्कासाठी दुसरा, आणि दोन्ही कायदेशीर असतात.

ओलाव्याला पैशापलीकडचीही बाजू आहे. फार ओली पूड जहाजाच्या हेलकाव्यांनी चिखलासारखी वाहू लागते आणि जहाज कलंडते. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजे बुडाली. दोन्हींत लोहखनिजाची पूडच होती.

सरकारचे पैसे कसावर कसे ठरतात?

निर्यात शुल्क केंद्राकडे जाते. राज्याचा वाटा आहे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. २००९ पर्यंत लोहखनिजावर टनामागे ठरावीक रुपये आकारले जात. मग ते किमतीच्या १० टक्के झाले आणि सप्टेंबर २०१४ पासून १५ टक्के. कोणत्या किमतीच्या? नागपूरला मुख्यालय असलेले इंडियन ब्युरो ऑफ माइन्स दर महिन्याला राज्यवार आणि प्रतवारीनुसार सरासरी विक्री किंमत जाहीर करते, तिच्या.

प्रतवारीचे कप्पे आहेत : ५५ ते ५८ टक्के, ५८ ते ६०, ६० ते ६२, ६२ ते ६५, त्यापुढे. त्यामुळे ५९.९ आणि ६०.१ या दोन आकड्यांत, जो फरक प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चुकीतही बसतो, टनामागे शेकडो रुपयांची तफावत पडू शकते. शिवाय ही सरासरी किंमत खाणचालकांनीच भरलेल्या मासिक विवरणपत्रांतून निघते. ज्या राज्यात विक्रेते मोजकेच, तिथे ‘सरासरी’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

२०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जातात आणि तिथेही बोली याच सरासरी किमतीच्या टक्क्यांत लागते. ओडिशात २०२० च्या लिलावात जाजंग खाणीची बोली ११० टक्क्यांवर गेली. शंभर रुपयांचा माल काढल्यावर सरकारला ११० रुपये द्यायचे, वर रॉयल्टी वेगळी. स्वतःचा पोलाद कारखाना असेल तरच हे गणित बसते. अशा ठिकाणी प्रतवारी एक कप्पा खाली दाखवली गेली तर किती वाचेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

नमुना घेणे इतके अवघड का?

मुंबईत भुलेश्वरच्या भोईवाड्यात किंवा शेजारच्या झवेरी बाजारात सोन्याचा टंच काढतात. सोने वितळवून एकजीव केले की त्याचा कुठलाही कण घ्या, कस जवळपास तोच. खनिजाच्या ढिगाचे तसे नाही. ढीग ओतताना मोठे दगड घरंगळत पायथ्याशी जातात आणि पूड मधोमध राहते. गोव्याच्या मऊ खनिजात तर दगडाचा आणि पुडीचा कस वेगळा असतो. वरचा थर उन्हाने वाळतो, आतला ओलाच राहतो. फावड्याने हाताला येईल तिथून माल उचलला, तर नमुना त्या फावड्याचा असतो, ढिगाचा नाही.

म्हणून भारतीय मानक आयएस १४०५ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३०८२ यांत किती टनांमागे किती वेळा, किती वजनाचे आणि कुठून माल उचलायचा ते लिहिलेले आहे. चालत्या पट्ट्यावरून ठरावीक वेळाने संपूर्ण आडवा काप घेणे सर्वांत चांगले. मग दळायचे, मिसळायचे, वाटे करायचे, पुन्हा दळायचे. शेवटी यंत्रात जाते ती जेमतेम ग्रॅमभर पूड. ५० हजार टनांच्या जहाजासाठी ती पाच हजार कोटींतला एक भाग. यंत्र अचूकच असते. चूक होते ती बहुतेक वेळा त्याआधी, फावड्यापाशी.

मग पाहारा कोणाचा?

माझ्या मते खरा प्रश्न प्रयोगशाळेचा नाहीच. विक्रेता आणि खरेदीदार वेगळे असतात तेव्हा एकाला कस जास्त हवा असतो, दुसऱ्याला कमी. त्यामुळे दोघेही नमुन्यावर डोळे ठेवून असतात. नमुन्याचे वाटे होतात, एक विक्रेत्याचा, एक खरेदीदाराचा, आणि एक मोहरबंद करून ठेवतात. वाद झाला तर तो तिसरा वाटा त्रयस्थ प्रयोगशाळेत उघडतात. ही व्यवस्था दोघांच्या स्वार्थावरच उभी आहे आणि म्हणून टिकते.

खाण आणि कारखाना एकाच उद्योगसमूहाचा असेल तर हा ताण नाहीसा होतो. कारखान्याला खरा कस माहीत असतो, पण तो कागदावर जास्त दिसावा यात त्याचा काहीच फायदा नाही. नुकसान होईल ते नमुना घेताना हजर नसलेल्यांचे : राज्याच्या तिजोरीचे आणि खाणीभोवतीच्या गावांचे.

गावांचे कसे, ते गडचिरोलीत पाहता येईल. एटापल्ली तालुक्यातल्या सुर्जागडचा ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या अशा पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. लिलावातून आलेल्यांना १० टक्के. शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी यांसाठी हा निधी असतो. इथे वर्षाला एक कोटी टन खनिज काढायला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. आता कागदावरचे गणित करू. समजा, दोन लगतच्या प्रतींच्या किमतीत टनामागे ५०० रुपयांचा फरक आहे. एक कोटी टन एक कप्पा खाली नोंदले गेले, तर रॉयल्टी ७५ कोटींनी घटेल आणि प्रतिष्ठानचे २२.५ कोटी जातील. तिथे असे घडते आहे असा याचा अर्थ नाही. घडले, तर एटापल्लीतल्या ग्रामसभेला ते कळण्याची काही सोय आहे का, एवढेच विचारायचे आहे.

उपाय गूढ नाहीत. कप्प्यांऐवजी लोहाच्या प्रत्येक टक्क्यामागे किंमत धरली, तर सीमारेषेवर घुटमळण्याचे कारणच उरत नाही. आंतरराष्ट्रीय करारांत तसेच चालते. पट्ट्यावर आपोआप नमुना घेणारे यंत्र बसवता येते. आणि तिसरा मोहरबंद वाटा जिल्हा प्रशासनाच्या ताब्यात ठेवता येतो. याला खर्च येतो, पण २२ कोटींपुढे तो किरकोळ आहे.

गडचिरोलीत हा विषय आत्ताच काढण्याचे कारण म्हणजे हेडरी ते कोनसरी ही सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी. जुलै २०२५ मध्ये तिचे उद्घाटन झाले. दळलेले खनिज पाण्यात मिसळून तिच्यातून कारखान्याकडे जाते. ट्रक निदान वजनकाट्यावरून जायचे आणि रस्त्यावरच्या माणसांना दिसायचे. वाहिनीतून किती कोरडे टन गेले आणि त्यांचा कस काय, हे फक्त मीटर आणि नमुनाच सांगू शकतो. वाहत्या गाळातून चांगला नमुना घेणे ढिगापेक्षा सोपेही असते. पण तो दळण्याआधी घ्यायचा की नंतर, खाणीच्या हद्दीत की कारखान्याच्या दारात, यावर आकडा बदलतो, कारण मधल्या प्रक्रियेत खनिजाचा कस वाढवता येतो.