मोडी कागदांना डीव्हीडी पुरेशी नाही

‘जुने दफ्तर फीडर स्कॅनरमधून काढून डीव्हीडीवर भरले की जतनाचे काम संपले’, हे गेल्या अंकातील पत्रातले मत मोडी कागदांच्या बाबतीत घातक आहे.

रुमालात बांधलेला हातकागद घड्यांवर विरलेला आणि कडांना कसरीने खाल्लेला असतो. फीडरचे रबरी रूळ तो ओढतात आणि नेमका घडीवर फाडतात. अशा कागदासाठी वरून प्रतिमा टिपणारा ओव्हरहेड स्कॅनर किंवा स्टँडवर बसवलेला कॅमेराच हवा. सुटा, धड कागद फ्लॅटबेडवर चालतो.

प्रतिमा रंगीत आणि किमान 300 डीपीआयची असावी. कृष्णधवल प्रतीत फिकट शाई आणि डाग यांतला फरक हरवतो. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी, रोजच्या वापराला पीडीएफ पुरते. ए-4 आकाराचे असे रंगीत पान टिफमध्ये सुमारे 26 एमबी होते. म्हणजे 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर जेमतेम 180 पाने मावतात.

शिवाय, लिहिता येणाऱ्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णता, दमटपणा आणि उजेडाने खराब होतो. मोठ्या संग्रहांना एलटीओ टेप सोयीची, मात्र नवे ड्राइव्ह फार जुन्या पिढीच्या टेप वाचत नाहीत. त्यामुळे तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या गावी, हा नियम पाळावा. दरवर्षी चेकसम पडताळावा, ठरावीक काळाने माध्यम बदलावे. स्कॅन झाले तरी मूळ कागद जपलाच पाहिजे.

– एक वाचक, पुणे