आकाशगंगेच्या मध्यात रोज 'स्फोट'? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

यवतमाळच्या आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. लाल-निळे ढग आणि खाली ओळ: 'कृष्णविवर रोज फुटतंय, पृथ्वीला धोका!' यातलं खरं किती?

आकाशगंगेचं केंद्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. तिथे सूर्याच्या ४० लाख पटींहून जास्त वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, सॅजिटेरियस ए-स्टार. मधली धूळ साधा प्रकाश अडवते. इन्फ्रारेडची तरंगलांबी जास्त, म्हणून तो बराचसा निसटून येतो. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून त्याचा पुढचा दिवा सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. बऱ्याच फोनमध्ये तो लुकलुकताना दिसतो. डोळ्यांना न दिसणारा तो प्रकाश इन्फ्रारेडच असतो.

जेम्स वेब दुर्बिणीने वर्षभरात टप्प्याटप्प्याने मिळून ४८ तास हे केंद्र पाहिलं. निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. तिथला प्रकाश सतत लुकलुकतो आणि दिवसाला पाच-सहा मोठे भडके उडतात. वेबने एकाच वेळी दोन तरंगलांबी मोजल्या, २.१ आणि ४.८ मायक्रॉन. आधी छोट्या तरंगलांबीत बदल दिसला, मोठ्या तरंगलांबीत काही सेकंदांनी. वेगवान कण चुंबकीय क्षेत्रात फिरताना ऊर्जा गमावतात, त्याचीच ही खूण असावी, असं संशोधक म्हणतात.

म्हणजे कृष्णविवर फुटत नाहीये. भडके उडतात ते त्याच्याभोवती फिरणाऱ्या तापलेल्या वायूत. गंमत म्हणजे तो परिसर उजळवणारी खरी पॉवर सप्लाय कृष्णविवराची नाहीच. आसपासचे तरुण, प्रचंड तापलेले तारे धूळ गरम करतात आणि ती इन्फ्रारेडमध्ये चमकते. त्यांच्यापुढे आपलं कृष्णविवर अगदीच मंद आहे.

आणि फोटोतले रंग? इन्फ्रारेडला डोळ्यांसाठी रंगच नसतो. प्रत्येक फिल्टरच्या डेटाला एकेक रंग नेमून देतात. फोटो खोटा नाही, पण तो आपल्या कॅमेऱ्यासारखाही नाही.

धोका? आज दिसणारा भडका २६ हजार वर्षांपूर्वीचा आहे.

मे महिन्याच्या मध्यावर, रात्री अडीचच्या सुमारास गच्चीवरून दक्षिणेला बघा. क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर, धनु राशीत ते केंद्र असतं. दिसणार काहीच नाही. पण पुढचा फॉरवर्ड आला की उत्तर तुमच्याकडे असेल.