विमा-वकिलीची पहिली पायरी

गोदामाला आग लागावी आणि विमा कंपनीने भरपाईचा दावा नाकारावा, तर अनसिंगसारख्या गावातील व्यापाऱ्याची आयुष्यभराची पुंजी एका पत्राने संकटात येते. अशा वेळी वक्तृत्वापेक्षा साठ्याची नोंदवही, खरेदीची बिले, बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट आणि सर्वेक्षकाचा अहवाल परस्परांशी ताडून पाहणारा वकील उपयोगी पडतो. वाणिज्य पदवीनंतर ३ वर्षांचे विधी शिक्षण घेणाऱ्या तरुणांना हे क्षेत्र म्हणूनच मानवते.

वाटा दोन आहेत. ग्राहक आयोगाकडे तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. ३ लाख रुपये वा अधिक रकमेचा विमाविषयक वाद वाणिज्यिक न्यायालयात नेता येतो. मात्र तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी अनिवार्य आहे.

परंतु कर्जासाठी बँकेला साठा फुगवून दाखवला आणि वहीत तो कमी नोंदवला, तर निष्णात वकीलही हतबल होतो. विम्याचा करार परमविश्वासावर उभा असतो. या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या मुलाने पहिला धडा घरच्या दुकानातच गिरवावा: प्रत्येक कागदावर आकडा एकच आणि तो खरा असावा.