पंचम हलला म्हणून आभाळ कोसळत नाही



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. आज राग आलाय, म्हणून लिहिते. (आमच्याकडे सध्या 'राग' या शब्दावरूनच भांडण चालू आहे, ते पुढे येईलच.)

माझी सातवीतली नात युकुलेली वाजवते. चार तारांचं पिटुकलं वाद्य. मागे एका स्पर्धेत तिने नटभैरवाच्या सुरांवर स्वतः बसवलेली छोटी धून वाजवली. परीक्षक म्हणाले, "हे आपलं वाद्य नव्हे, आणि आपल्या संगीतात कॉर्ड नसतात." बरं, ते त्यांचं मत. पण घरी आमच्या भावजींनीही तीच री ओढली. "पंचम चढवायचा म्हणजे काय? सा आणि प अचल!" तेव्हापासून वाद्य कपाटावर आहे. भावजी हा ब्लॉग नेमाने वाचतात, म्हणून उत्तर इथेच देते.

आधी तिने काय वाजवलं ते समजून घ्या. सी हा सा धरला, की खालच्या तारेचा तिसरा पडदा दाबून सा-ग-प वाजतं. बोट तिथेच ठेवून वरच्या तारेचा पहिला पडदा दाबला, की प जाऊन कोमल ध येतो. सा-ग-कोमल ध. इंग्रजी पुस्तकं याला ऑगमेंटेड म्हणतात, कारण त्यांच्या हिशेबी पंचम अर्धा स्वर चढला. मग ई तारेचा पहिला पडदा दाबला, की ग चा म होतो. सा-म-कोमल ध. दर वेळी एकच बोट वाढतं, आणि सगळे स्वर नटभैरवातलेच!

म्हणजे 'चढलेला पंचम' हे फक्त नाव झालं. भावजी, तुमच्या पेटीवर पांढरी एकचा सा धरा आणि काळी चार दाबा. तोच तो. पंचम क्षणभर बाजूला बसला, एवढंच. मालकंसात तर तो मुळीच नसतो, म्हणून कोणी मालकंसाला परका म्हणतं का?

सबंध सप्तकच तसं केलं, सा रे ग म कोमल ध शुद्ध ध नि, तर पंचम जातो आणि दोन धैवत शेजारी येतात. हे भातखंड्यांच्या दहा थाटांत बसत नाही. कबूल. त्याला राग म्हणू नका. पण धून म्हणायला कोणाची हरकत?

आता 'आपलं वाद्य'. युकुलेलीचा पूर्वज 1879 मध्ये मदेराच्या पोर्तुगीजांबरोबर हवाई बेटांवर पोचला. आणि परीक्षकांच्या पुढ्यातली हार्मोनियम? ती 19व्या शतकात पॅरिसमध्ये जन्मली! तिलाही परकी, बेसूर म्हणून हिणवलं गेलं. रवींद्रनाथांना ती आवडत नसे. 1940 मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. तोवर इकडे भजनी मंडळं पेटीवरच गात होती आणि बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता. कालची परकी आज परीक्षेला बसवते, याला काय म्हणावं?

खरा आक्षेप एकच आहे, आणि तो कोणी घेतलाच नाही. शाळेतले अपूर्णांक आठवा. सा पासून शुद्ध ग म्हणजे 5/4. तेवढीच उडी आणखी दोनदा मारली, की तार सा यायला हवा, म्हणजे दुप्पट, 128/64. पण येतात 125/64. थोडं कमी पडतं. पडद्यांवर ही तूट तिन्ही उड्यांत सारखी वाटून टाकलेली असते. म्हणून हा कॉर्ड त्रिशंकूसारखा लटकतो, कुठे टेकायचं ते त्याला कळत नाही. आणि भैरवातला झुलता कोमल धैवत तर तिथे अशक्यच. आलापाखाली हा कॉर्ड कोणी खाजवू लागला, तर पहिली मीच उठून जाईन. पण पडद्यांचा हा दोष पेटीच्या पट्ट्यांतही आहे, आणि तिची साथ आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो आहोत.

ज्या नाशकात विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढला, तिथे हे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं घराण्याच्या ओसरीवरून वर्गात आणलं. वर्गात मूल चुकणार, भलतंच विचारणार. पस्तीस वर्षं शिकवलं, त्यात एवढं नक्की कळलं, की चुकीचं उत्तर दुरुस्त करता येतं. गप्प बसलेल्या मुलाचं काहीच करता येत नाही.

असो. काल वाद्य मीच कपाटावरून खाली काढलं. तारा उतरल्या होत्या. नात लांबून बघत होती, मग आली आणि न बोलता जुळवू लागली.

भावजी, रविवारी जेवायला या. येताना पेटी आणा. काळी चार तुम्ही दाबा, वरची तार ती दाबेल. भांडण त्यानंतर पुढे चालू ठेवू.