‘त्यात ठेवण्यासारखे काय आहे?’

आपल्या गावांत अलीकडे एक प्रश्न फार सहजपणे विचारला जातो : ‘त्या जुन्या घरात ठेवण्यासारखे आहे तरी काय?’ उत्तराची वाट कोणी पाहत नाही. कौले उतरतात, तुळया टेंपोत चढतात आणि लवकरच तेथे स्लॅब पडतो. वाळवी, ओल, भावाभावांतील वाटणी ही कारणे खरी आहेत. त्यांची थट्टा मी करणार नाही. माझे भांडण त्या प्रश्नातील तुच्छतेशी आहे.

फ्रान्समध्ये म्यूज नदीच्या काठी दोंरेमी नावाचे खेडे आहे. तेथे संत जोन ऑफ आर्क हिच्या पित्याचे, जाक दार्क या शेतकऱ्याचे दगडी घर आजही उभे आहे. वाड्याचा थाट शोधणाऱ्याची तेथे निराशाच होईल. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या, एकाच अंगाला उतरत गेलेले छप्पर आणि तळमजल्यावर चार खोल्या. चुलीच्या खोलीत १४१२ च्या सुमारास जोन जन्मली, असे परंपरा सांगते. तिची म्हणून जी खोली दाखवितात ती काळोखी आहे; तिला झरोक्याएवढी खिडकी, आणि बाहेर अगदी लगत चर्च. चर्चची घंटा ऐकताच ही मुलगी शेतातही गुडघे टेकीत असे, अशी साक्ष पुढे तिच्या खटल्याच्या फेरचौकशीत देण्यात आली. घर पाहिले की त्या साक्षीचा अर्थ कळतो. दारावरच्या कोरीव दगडावर १४८१ हे साल असून लुई राजाचा जयजयकार आहे. पण त्याच्याही आधी जयजयकार आहे तो श्रमाचा! शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर याहून अधिक शोभेल असे काय कोरणार?

हे घर आपोआप टिकलेले नाही. १५८० मध्ये निबंधकार मोंतेन तेथून गेला, तेव्हा दर्शनी भिंतीवरील जोनच्या पराक्रमाची चित्रे काळाने खराब झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घर निकोला जेरार्दँ या गृहस्थाच्या मालकीचे होते. एका परदेशी उमरावाने देऊ केलेली मोठी रक्कम त्याने नाकारली आणि १८१८ मध्ये पुष्कळ कमी किमतीत ते व्होज जिल्ह्याच्या स्वाधीन केले. जोनला संतपद मिळाले १९२० मध्ये. ख्रिस्तसभेच्या घोषणेसाठी तो थांबला असता तर?

याउलट उदाहरण आपल्या फार जिव्हाळ्याच्या संताचे आहे. इटलीतील बेक्की या वाडीत डॉन बॉस्कोचे घर म्हणून एक लहानसे घर भक्तिभावाने जपलेले होते : खाली स्वयंपाकघर आणि गोठा, वर गवताचा माळा व निजायची जागा. शेजारी बिलिओने कुटुंबाचे शेतघर होते. ते ‘सामान्य’ ठरले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस भव्य मंदिरासाठी पाडले गेले. पुढे १९७० च्या दशकात जुनी दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हा उलगडा झाला. बॉस्को कुटुंब त्या लहान घरात राहावयास आले ते १८१७ मध्ये, पित्याच्या निधनानंतर. १६ ऑगस्ट १८१५ रोजी बाळ योहान जन्मला तो, पिता जेथे शेती सांभाळीत होता त्या, पाडलेल्या शेतघरात! संतावरील प्रेमापोटीच संताचे जन्मघर नाहीसे झाले. त्या बांधवांची भक्ती कमी नव्हती. त्यांनी निवाडा घाईने केला, एवढेच.

‘ती संतांची घरे, आमच्या घराचे काय?’ असे कोणी म्हणेल. बिलिओनेंचे घरही तेव्हा कोणा संताचे नव्हते. आणि वसईचा संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला, १८६२ मध्ये संतपदाला पोहोचला. पण त्याचे जन्मघर म्हणून बोट दाखवावे अशी एक भिंत तरी आपल्यापाशी आहे काय?

प्रत्येक घर राखता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु पाडण्यापूर्वी त्याची मापे घ्यावीत, ओटी, माजघर, पडवी यांचा आराखडा काढावा, छायाचित्रे घ्यावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कोण कोठे जन्मले, रोझरी कोणत्या खोलीत होई, भिंतीचा दगड कोठून आणला, हे लिहून ठेवावे. बाप्तिस्म्याच्या जीर्ण वह्या जिवापाड जपणाऱ्या आपल्या धर्मग्रामांना घरांची एक वही जड होऊ नये. आमच्या कार्यालयातील कपाटात त्या वहीसाठी एक फळी रिकामी करून ठेवली आहे.