फळ्यावरचा प्रश्न



सहामाहीचा निकाल लागला की माझ्या खोलीबाहेर पालकांची रांग लागते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "बाई, याला जमेल का?" मूल शेजारी मान खाली घालून उभे असते. मनातल्या मनात तेही स्वतःला हेच विचारत असते.

या प्रश्नाला उत्तरे दोनच, हो किंवा नाही. थकलेले मन पटकन 'नाही' म्हणते आणि पुस्तक मिटते. हे मी अनुभवाने सांगते. पदवीपर्यंतचे माझे सारे शिक्षण इथेच, इंदूरला, हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी आणि इंग्रजीची धास्ती. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत प्रश्न समजले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानंतर कित्येक दिवस मी स्वतःला विचारत होते, "माझ्यासारखीला कोण घेणार?" 'कोणीही नाही' हे उत्तर त्या प्रश्नातच दडलेले होते. शेवटी शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी विचारले, "नेमके कुठे अडते? वाचताना, लिहिताना की बोलताना?" विचार केल्यावर कळले, अडचण फक्त बोलण्याची होती. मग धाकट्या भावाला रोज एक धडा इंग्रजीतून समजावून सांगू लागले. चुका पुष्कळ झाल्या, तो हसलाही. पण वर्षभरात भीती गेली.

डॉ. जयंत नारळीकरांचे बालपण आठवा. जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा, पण वाढले बनारसला. घर मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. एम.एस्सी.साठी मामा त्यांच्याकडे राहायला आले. घरात फळा होता. मामा त्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत आणि ते भाच्यासाठी आव्हान असे. कोडे सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. त्या कोड्याला गुण नव्हते, वेळेचे बंधन नव्हते, वर्गातल्या कोणाशी तुलना नव्हती. "हे सुटेल कसे?" एवढाच प्रश्न मुलाच्या मनात राही. तोच मुलगा पुढे केंब्रिजला गेला, फ्रेड हॉयल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणावर संशोधन केले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १९६५ मध्ये, पद्मभूषण झाला आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी केली. २०२५ मध्ये ते गेले. सोपे विज्ञान मराठीतून सांगण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले.

कोणी म्हणेल, नारळीकरांच्या घरी विद्या होती, आमच्याकडे कुठे? हे अगदी खरे आहे. केवळ प्रश्न बदलल्याने फी भरली जात नाही की शिकवणी मिळत नाही. पण म्हणूनच मला वाटते, ज्या मुलांच्या घरी असा मामा नाही, त्यांच्यासाठी शाळेनेच मामा व्हायला हवे.

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर जिन्याजवळच्या भिंतीवर आपण एक फळा लावत आहोत. दर सोमवारी त्यावर एक प्रश्न असेल, कधी गणिताचा, कधी विज्ञानाचा, कधी मराठी भाषेचा. बक्षीस नाही, गुण नाहीत. विश्वस्तांना विनंती अशी, की फळ्याचा खर्च किरकोळ आहे, शिक्षकांना मात्र आठवड्यातला एक तास मोकळा हवा. तेवढा द्यावा. पटसंख्या का घटते हे आपण प्रत्येक बैठकीत विचारतो. मुलाने याच शाळेत का यावे, हेही एकदा विचारू या.

पालकांनी संध्याकाळी "किती मिळाले?" याआधी "आज कुठे अडलास?" असे विचारून पाहावे. आणि मुलांनो, 'जमेल का' असे मनात आले, की वही उघडून 'कुठे अडते' ते एका ओळीत लिहा. ती ओळ घेऊन माझ्याकडे आलात तरी चालेल, दार उघडे आहे.

पहिला प्रश्न आजच देते. १ ते १०० या संख्या क्रमाने लिहिल्या, तर ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल? उत्तर मी सांगणार नाही.

तुमची,
प्राचार्या