हात परत मिळतील, पण कोणास?

उसाच्या ट्रॉलीवरून कोसळलेला मजूर, विहिरीच्या कामावर तोल गेलेला गवंडी किंवा खंबाटकी घाटात अपघातात सापडलेला दुचाकीस्वार मानेचा मणका मोडून रुग्णालयात येतो, तेव्हा त्याचा जीव वाचविण्याची विद्या आज सातारा-सांगलीकडेही आहे. परंतु टाके निघून तो घरी आला, म्हणजे खऱ्या संकटास आरंभ होतो. पाय गेल्याचे दुःख मोठे खरेच. पण हात गेले की तोंडातला घास आणि नाकावरची माशीदेखील दुसऱ्याच्या स्वाधीन होते.

अशा रुग्णांविषयी परदेशातून आलेली वार्ता आशादायक आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन व नेदरलँड्स येथील १४ केंद्रांत झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष मे २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेरुरज्जू चिरडला तरी पुष्कळदा त्यातील काही तंतू शाबूत राहतात. मात्र त्यांतून जाणारी मेंदूची आज्ञा इतकी क्षीण असते, की स्नायू हलत नाही. मानेच्या त्वचेवर पट्ट्या चिकटवून विजेचा प्रवाह दिला असता रज्जूतील मज्जापेशी सावध होतात व तीच क्षीण आज्ञा कामी येते. शस्त्रक्रियेची गरज नाही. प्रयोग पुरा केलेल्या ६० जणांपैकी ७२ टक्के रुग्णांच्या हातांची शक्ती आणि कार्यक्षमता दोन्ही सुधारल्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रास मान्यता दिली.

वाचकांनी हुरळून मात्र जाऊ नये. ज्यांच्या रज्जूतील संवेदना व हालचाल पूर्णपणे नष्ट झाली आहे, असे रुग्ण या प्रयोगात नव्हते. तुलनेसाठी निराळा गटही नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या मंडळींकडून आधी दोन महिने नुसता व्यायाम करवून घेतला होता, आणि पुढील दोन महिने विजेच्या जोडीला तोच व्यायाम चालू होता. मूठ मिटणे, पेला उचलणे, बटण लावणे यांचा असा नित्य सराव करवून घेणारा माणूस आमच्या खेड्यातील रुग्णास कोठे भेटणार? यंत्र उद्या कोणी धनिक विकत आणील. हा माणूस कोठून आणावयाचा?

सांगली जिल्ह्यास हे निराळे सांगावयास नको. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झालेले इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्यांची जिद्द असामान्य, यात शंका नाही. पण त्यांचे हात शाबूत होते आणि पाठीशी लष्कर होते. जायबंदी जवानांसाठी खडकीस १९७४ पासून पुनर्वसन केंद्रही आहे. ट्रॉलीवरून पडलेल्या मजुराची पाठराखण कोणी करावयाची?

मिरज व सातारा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे मेरुरज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र खाटा, व्यायामोपचारतज्ज्ञ, आणि घरी गेलेल्या रुग्णाकडे महिन्यातून एकदा तरी जाणारे पथक एवढे तरी शासनाने द्यावे, अशी आमची मागणी आहे. विजेचे यंत्र मागाहून आले तरी चालेल. येत्या अर्थसंकल्पात या खर्चासाठी तरतूद करवून घेण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी आतापासूनच हाती घ्यावे.